सत्तावीस कोटी आणि अठरा हजार
(वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात केलेले भाषण)



ह्या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षणाचे महत्त्व, शिस्त, चारित्र्य अशा विषयांवर तुम्ही पुष्कळ ऐकता. आज मी क्रिकेटवर बोलणार आहे, आणि तेही क्रिकेटमधल्या पैशावर. शिक्षकाने हा विषय का घ्यावा, असे काहींच्या मनात येईल. त्याचे कारण आधी सांगतो.

नोव्हेंबर २०२४ मध्ये आयपीएलच्या खेळाडूंचा मोठा लिलाव झाला. तो झाला जेद्दा शहरात. आपल्या कित्येक घरांतली माणसे त्या शहरात नोकरीला आहेत, आणि उमऱ्याला जाताना आपण तिथेच उतरतो. ह्या लिलावात ऋषभ पंत ह्या खेळाडूला लखनौच्या संघाने २७ कोटी रुपयांना घेतले. दुसऱ्या दिवशी मी नववीच्या वर्गात गेलो, तर मुलांच्या तोंडी तोच विषय. एकाने विचारले, "सर, नवीन लागलेल्या सरांना पगार किती असतो?" मी खरे ते सांगितले. माध्यमिक शाळेत शिक्षण सेवक म्हणून लागलेल्याला दरमहा १८ हजार रुपये मानधन मिळते, आणि अशी तीन वर्षे काढावी लागतात. तो मुलगा उठला आणि फळ्यावर हिशेब मांडू लागला. १८ हजार गुणिले १२, म्हणजे वर्षाचे २ लाख १६ हजार. २७ कोटी भागिले २ लाख १६ हजार. उत्तर आले १,२५०, बाकी शून्य. म्हणजे पंतला एका हंगामासाठी जे मिळाले ते मिळवायला शिक्षण सेवकाला साडेबाराशे वर्षे शिकवावे लागेल!

वर्गात मोठा हशा पिकला. मीही हसलो. पण मागच्या बाकावरचा एक मुलगा हसला नाही. हा मुलगा टेनिस चेंडूवर उत्तम गोलंदाजी करतो, आणि सामने असले की शाळेत दिसत नाही. तो शांतपणे म्हणाला, "मग सर, शिकायचं कशाला?"

त्या दिवशी माझ्यापाशी उत्तर नव्हते. "असे बोलू नये" एवढेच म्हणालो आणि धडा पुढे सुरू केला. पण प्रश्न मनातून गेला नाही. खेळाडूंना इतका पैसा मिळणे रास्त आहे का? असेल तर शिक्षकाचे, परिचारिकेचे, खलाशाचे काय? आणि रास्त नसेल तर ह्या मुलांना आपण काय सांगणार? आज त्याचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. ते जितके त्या मुलासाठी आहे तितकेच तुम्हा पालकांसाठी आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्या. खेळाडूंना नेहमीच असा पैसा मिळत नव्हता. आपल्या देशातील पहिला थोर गोलंदाज म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते ते पालवणकर बाळू. त्यांचे आडनाव कोकणातल्या मूळ गावावरून पडलेले. दलित समाजातला हा तरुण पुण्यात पारशी लोकांच्या क्लबात खेळपट्टी झाडण्याचे व लोटण्याचे काम दरमहा ३ रुपयांवर करी. पुढे गोऱ्या साहेबांच्या क्लबात त्यांना ४ रुपये मिळू लागले. तिथे साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकता टाकता ते असे तयार झाले की १९११ साली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला तेव्हा त्यांनी त्या दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. आणि मायदेशी त्यांची वागणूक कशी? संघातील इतर लोक मंडपात बसून चहा घेत, आणि बाळूंना चहा बाहेर, वेगळ्या पेल्यातून मिळे. आता मला सांगा, ४ रुपये ही त्या माणसाच्या गुणांची किंमत होती काय?

दुसरे उदाहरण खाशाबा जाधवांचे. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकला निघाला तेव्हा खर्चाला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनी आपले राहते घर गहाण ठेवून ७ हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यानंतर पोलीस खात्यात नोकरी करून त्यांनी आयुष्य काढले, आणि १९८४ साली अपघातात त्यांचा अंत झाला. सरकारचा अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर.

आणि १९८३ साल तर येथे बसलेल्या अनेक वडीलधाऱ्यांना आठवत असेल. कपिल देवच्या संघाने विश्वचषक जिंकला, पण खेळाडूंना साजेसे बक्षीस देण्याइतका पैसा क्रिकेट मंडळाकडे नव्हता. लता मंगेशकरांनी दिल्लीत गाण्याचा कार्यक्रम केला, त्यातून निधी जमला, आणि प्रत्येक खेळाडूला १ लाख रुपये देता आले.

मग तेव्हापासून आजपर्यंत काय बदलले? खेळाडू साडेबाराशे पटींनी चांगले खेळू लागले काय? मुळीच नाही. बदलले ते दूरचित्रवाणीमुळे. १९९० पूर्वी सामने फक्त दूरदर्शनवर दिसत आणि प्रक्षेपणातून मंडळाला पैसा मिळत नसे. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नाही. खासगी वाहिन्यांचा मार्ग मोकळा झाला आणि सामने दाखवण्याच्या हक्कासाठी बोली लागू लागली. २००८ साली आयपीएल सुरू झाली. २०२३ ते २०२७ ह्या पाच वर्षांच्या प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. म्हणजे वर्षाला साडेनऊ हजार कोटींहून जास्त.

हा पैसा कुठून आला? तो तुमच्याआमच्या घरातून आला. संध्याकाळी आपण टीव्हीसमोर किंवा मोबाइल घेऊन बसतो. दोन षटकांच्या मध्ये जाहिरात लागते. तो साबण, ते शीतपेय, तो मोबाइल आपण विकत घेतो, आणि त्या किमतीत जाहिरातीचा खर्च धरलेला असतो. पंतला २७ कोटी कोणी दिले, असे विचारलेत तर उत्तर असे की, थोडे थोडे आपण सर्वांनी दिले.

आता हा जमलेला पैसा वाटायचा कसा, हा प्रश्न उरतो. २०२५ च्या हंगामासाठी १० संघांना खेळाडू घेण्यासाठी प्रत्येकी १२० कोटींची मर्यादा होती. सगळे मिळून १,२०० कोटी. सामन्यागणिक मिळणारे मानधन वगैरे जमेस धरले तरी प्रक्षेपणाच्या एका रुपयातले साधारण पंधरा पैसे खेळाडूंच्या हाती पडतात. उरलेले मंडळ आणि संघांचे मालक ह्यांच्याकडे जातात. तेव्हा पंतला २७ ऐवजी २ कोटी दिले असते, तर वाचलेले २५ कोटी दापोलीच्या शाळेला किंवा दवाखान्याला मिळाले नसते. ते मालकाच्या तिजोरीत राहिले असते.

अमेरिकेत बेसबॉल ह्या खेळाच्या बाबतीत असेच घडले. कित्येक दशके तिथे असा नियम होता की, एकदा करार केलेला खेळाडू त्याच क्लबला बांधलेला. क्लब देईल ते घ्यायचे, नाहीतर खेळ सोडायचा. १९७५ साली लवादाने हा बांध फोडला, आणि त्यानंतर खेळाडूंचे वेतन झपाट्याने वाढत गेले. तिथेही लोक विचारतात की, चेंडू मारण्याचे इतके पैसे कशाला? पण त्याआधीही तिकिटे विकली जात होतीच. फक्त पैसा दुसऱ्याच्या खिशात जात होता.

हजरत पैगंबरसाहेबांनी (स.) मजुराचा घाम वाळण्यापूर्वी त्याची मजुरी चुकती करण्याची ताकीद दिली आहे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. तिथे मजूर गरीब की श्रीमंत, असा भेद केलेला नाही. लोक ज्याचा खेळ पाहायला येतात त्याचा त्या उत्पन्नात हक्क आहे. म्हणून पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर सरळ आहे. होय, खेळाडूला त्याचा वाटा मिळणे रास्त आहे. बाळूंना ४ रुपये मिळत होते तो काळ काही अधिक सात्त्विक नव्हता. तो अधिक अन्यायाचा होता.

पण थांबा. हक्क असणे निराळे आणि त्या रकमेवरून माणसाचे मोल ठरवणे निराळे. ही गल्लत होते, आणि त्या मुलाच्या प्रश्नात हीच गल्लत होती.

तुम्ही हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी उभे राहिला असाल. होड्या येतात, वाळूवर मासळीचे ढीग मांडले जातात आणि लिलाव पुकारला जातो. पापलेटला एक भाव, बांगड्याला दुसरा. पापलेट पकडायला खलाशाने घाम जास्त गाळला आणि बांगड्याला कमी, असे असते काय? तोच समुद्र, तेच डिझेल, तीच जागरणे. बांगडा अमाप आला की भाव पडतो. पापलेट थोडे असते आणि मागणारे पुष्कळ, म्हणून भाव चढतो. लिलाव फक्त एवढेच सांगतो की, आज ह्या घडीला, ह्या बाजारात, मागणारे किती आणि माल किती. खलाशाच्या कष्टाबद्दल लिलाव एक अक्षर बोलत नाही. जेद्दाचा लिलावही त्याच जातीचा.

ह्याचा पुरावा आपल्या कोकणातच आहे. चिपळूणजवळच्या कालुस्ते गावचे गुलाम परकार मुंबईकडून सलामीला खेळत. १९८१-८२ च्या हंगामात बंगालविरुद्धच्या रणजी सामन्यात त्यांनी आणि सुनील गावसकरांनी पहिल्या जोडीसाठी ४२१ धावा केल्या. १९८२ साली लॉर्ड्सवर ते भारताकडून कसोटी खेळले. ती त्यांची एकमेव कसोटी. एका कोकणी मुसलमान मुलाने लॉर्ड्सपर्यंत जावे, ही आपल्या सर्वांना अभिमानाची गोष्ट. पण त्या काळी असा लिलाव नव्हता आणि असे कोटीही नव्हते. त्यांचे कष्ट आजच्या खेळाडूपेक्षा कमी होते, असे कोण म्हणेल? वसीम जाफर हा मुंबईच्या बसचालकाचा मुलगा. रणजी करंडकात १२ हजार धावांचा टप्पा ओलांडणारा तो पहिला फलंदाज. आयपीएलमध्ये मात्र तो मोजकेच सामने खेळला, कारण त्याचा संयमी खेळ त्या बाजाराचा माल नव्हता. बाजाराने भाव दिला नाही, म्हणून त्या धावांचे मोल कमी होत नाही.

कबड्डी पाहा. आपल्या कोकणातल्या वाडीवाडीत खेळला जाणारा हा खेळ. २०१४ साली प्रो कबड्डीचा पहिला लिलाव झाला तेव्हा सर्वांत महाग खेळाडूला १२ लाख ८० हजार मिळाले. २०२२ साली हाच आकडा २ कोटींच्या वर गेला. खेळ तोच, दमही तोच. लोक टीव्हीवर पाहू लागले, एवढाच फरक.

म्हणून खेळाडूंनाही एक सांगावेसे वाटते. तुमच्या कोटींत तुमची मेहनत आहे, पण योग्य काळी जन्मल्याचे नशीबही आहे, आणि ते नशीब कोणी स्वतः कमावलेले नाही. आपल्या धर्मात शिल्लक धनावर अडीच टक्के जकात फर्ज आहे, ती ह्याच जाणिवेसाठी की, हातात आलेले सर्वच्या सर्व आपले नसते.

आता दुसरा प्रश्न, शिक्षकाच्या १८ हजारांचा. अनेकांना वाटते की, खेळाडूला जास्त मिळते म्हणून शिक्षकाला कमी मिळते. हे खरे नाही. शिक्षकाचे मानधन जेद्दाला ठरत नाही. ते मुंबईला मंत्रालयात ठरते, आणि विनाअनुदानित शाळेत ते संस्था व पालक ह्यांच्या ऐपतीवर आणि इच्छेवर ठरते. मी स्वतः नोकरीची पहिली तीन वर्षे दरमहा ८ हजारांवर काढली. २०२३ च्या जानेवारीपासून ते १८ हजार झाले. शिक्षक अचानक सव्वादोन पट चांगले शिकवू लागले म्हणून नव्हे, तर मागणी लावून धरली गेली आणि सरकारला निर्णय घ्यावा लागला म्हणून. क्रिकेटमध्येही पाहा. ऑक्टोबर २०२२ मध्ये मंडळाने ठरवले की, भारताकडून खेळणाऱ्या स्त्रियांना सामन्याचे मानधन पुरुषांइतकेच द्यायचे. कसोटीला १५ लाख, एकदिवसीय सामन्याला ६ लाख, टी-२० ला ३ लाख. मुलींनो, हे तुम्ही विशेष ध्यानात ठेवा. हा निर्णय बाजाराने आपोआप घेतला नाही. माणसांनी ठरवले, तेव्हा तो झाला.

तात्पर्य, पंतच्या २७ कोटींवर राग काढून काही साधणार नाही. राग यायचाच असेल तर तो १८ हजारांवर यावा. आणि तो घेऊन आमदारांकडे, सरकारकडे, आपल्या जमातीच्या बैठकीत जावे. लग्नाच्या जेवणावळीवर लाखो रुपये खर्च करणारे आपण शाळेच्या प्रयोगशाळेसाठी पावती फाडताना हात आखडतो की नाही, हेही एकदा स्वतःला विचारावे. बाजार तर बाजार आहे, पण मोहल्ल्याचा पैसा कुठे जावा हे ठरवणारे आपणच आहोत.

आता विद्यार्थ्यांनो, तुमच्याशी. तुम्हाला हिशेब आवडतो, तर आणखी एक हिशेब करा. आयपीएलचे संघ १०. एका संघात जास्तीत जास्त २५ खेळाडू, म्हणजे २५०. त्यांत प्रत्येकी ८ पर्यंत परदेशी. ते ८० वजा केले की आपल्या देशातल्या मुलांसाठी उरतात १७० जागा. त्याही दरवर्षी रिकाम्या होत नाहीत, आणि त्यांतल्या मोजक्यांनाच कोटी मिळतात. एकट्या महाराष्ट्रात दरवर्षी दहावीला बसणारी मुले १५ लाखांच्या पुढे. आता भागाकार तुम्हीच करा. पंतचा भाव हा सर्वांत उंच ढिगाचा भाव आहे. त्यावरून सगळ्या बंदराचा अंदाज करू नये.

ह्याचा अर्थ खेळू नका, असा नाही. खेळा, जरूर खेळा. खेळाने शरीर घडते आणि हरणे पचवायची सवय लागते. पण एक पाय मैदानात असेल तर दुसरा वर्गात ठेवा. अजित वाडेकर भारताचे कर्णधार होते आणि स्टेट बँकेत अधिकारीही होते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचे कांस्यपदक मिळवणारा कोल्हापूर जिल्ह्यातला स्वप्नील कुसाळे रेल्वेत तिकीट तपासनीसाची नोकरी करत होता. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुणही मिळतात. पण नोकरीच्या अर्जाला शिक्षणाची अट असते आणि वाढीव गुण मिळवायला परीक्षेला बसावे लागते. गुडघा दुखावला, तर मैदान एका दिवसात बंद होते. शाळेत मिळवलेले मात्र कोणी काढून घेऊ शकत नाही.

पालकांनाही एक विनंती आहे. मुलगा खेळतो म्हणून त्याला मारू नका, आणि दोन चषक घरी आणले म्हणून त्याची शाळाही सोडवू नका. त्याच्या मोबाइलकडे मात्र लक्ष द्या. पैसे लावून संघ बनवायच्या खेळांनी अनेक घरांचे नुकसान केले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला हे चांगले झाले, पण जुगार हराम आहे हे समजायला आपल्याला कायद्याची वाट पाहायची गरज नव्हती.

शेवटी त्या मागच्या बाकावरच्या मुलाकडे येतो. तो आज ह्या सभागृहात आहे. बाळ, तू विचारलेस, "शिकायचं कशाला?" माझे उत्तर ऐक. साडेबाराशे वर्षांचा तो हिशेब बरोबर आहे, पण तो भाव मोजतो, मोल मोजत नाही. तुझ्या मित्राने फळ्यावर २७ कोटींचा भागाकार बिनचूक केला, बाकी शून्य आणली. तो भागाकार त्याला कोणी शिकवला असेल? कुठल्या तरी जिल्हा परिषदेच्या शाळेत, तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या एखाद्या गुरुजींनी किंवा बाईंनी. त्यांचा लिलाव कधी झाला नाही आणि होणारही नाही. तरी त्यांनी शिकवले नसते, तर आपल्यावर अन्याय होतो आहे की नाही, हेसुद्धा तुम्हाला मोजता आले नसते.

तू गोलंदाजी सोडू नकोस. पण सोमवारी सकाळी वर्गात ये. तुझी जागा ठेवली आहे.

अल्लाह आपणा सर्वांना हलाल कमाईची आणि तिचा योग्य विनियोग करण्याची बुद्धी देवो. आमीन. खुदा हाफिज.